शब्दशः वाचायचं, तर पुढचं वचनही वाचू या

ऑक्टोबर २०२३मध्ये गाझात युद्ध पेटलं आणि ख्रिस्ती घरांतला एक जुना वाद पुन्हा वर आला. बडोद्यात फत्तेगंजच्या बाजूला उपासना सुटल्यावर, बायबल अभ्यासाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो कानावर येतो. एक बाजू म्हणते, यहेज्केलचा अडतिसावा अध्याय, म्हणजे इस्राएलवर चालून येणाऱ्या गोगचं भाकीत, डोळ्यांदेखत घडतो आहे, टेक्सासमधून लाल कालवडी इस्राएलात पोचल्या आहेत, इस्राएलची स्थापना पाहिलेली १९४८ची पिढी म्हातारी झाली आहे, आता दिवस मोजायचेच बाकी. दुसरी बाजू वैतागून म्हणते, ही सगळी रूपकं आहेत, पहिल्या शतकातल्या घाबरलेल्या माणसांची स्वप्नं आहेत, शिकल्यासवरलेल्यांनी त्यात वेळ घालवू नये. पहिली बाजू स्वतःला शब्दशः वाचणारी म्हणवते आणि दुसरी बाजू हा मान तिला विनातक्रार देऊन टाकते. वाद बिघडतो तो इथे. शब्दशः वाचण्याचा दावा करणारे शब्द पुरते वाचत नाहीत, आणि रूपक म्हणणारे पुस्तक उघडतच नाहीत, असं माझं मत आहे. प्रकटीकरण, दानीएल, मत्तयाचा चोविसावा अध्याय यांतल्या शब्दांना खरोखर धरून राहिलं, तर तारखा आणि युद्धाचे नकाशे टिकत नाहीत. पण पुस्तक मिटून फळीवर ठेवायची सूटही मिळत नाही.

बडोद्यात राहणाऱ्याला शब्द धरून राहणं म्हणजे काय, हे दूर शोधायला जावं लागत नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात १९५१ ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या जमवायच्या, श्लोकाला श्लोक लावून पाहायचा, जुन्या आणि स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांचा ज्याला आधार आहे तो पाठ वर ठेवायचा, बाकीचा तळटीपेत आणि परिशिष्टात. सात कांडांसाठी हे काम पाव शतक चाललं. त्या कामाकडे पाहिलं की एक गोष्ट मनात पक्की होते: आपल्याला पाठ असलेली कथा आणि ग्रंथात लिहिलेली कथा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. लक्ष्मणरेषा घ्या. पोराटोरांना ती ठाऊक आहे, मराठी भाषेत तिचा वाक्प्रचार झाला आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही. हे कळल्याने कुणाची रामावरची श्रद्धा कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट, अमुक गोष्ट वाल्मीकींनी सांगितली असं म्हणताना माणूस जरा जपून बोलतो.

तेच जपणं आपल्या अंतकाळाच्या चर्चेत आणून पाहा. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे. दानीएलात नाही, प्रकटीकरणात तर एकदाही नाही. आणि योहान काय म्हणतो? असे पुष्कळ ख्रिस्तविरोधक आत्ताच उठले आहेत, असं तो आपल्या वाचकांना सांगतो. एकच जागतिक हुकूमशहा हे चित्र इतर ठिकाणचे तुकडे जोडून तयार झालं. ‘सात वर्षांचं महासंकट’ हे शब्द कुठल्याच वचनात नाहीत. दानीएलाच्या नवव्या अध्यायातलं एक सप्तक उचलून, मध्ये दोन हजार वर्षांची फट धरून, ते भविष्यात नेऊन ठेवल्यावर सात वर्षं मिळतात. शेवटच्या लढाईचं म्हणून गाजलेलं हर्मगिद्दोन हे नाव अख्ख्या बायबलात एकदाच येतं, प्रकटीकरण १६:१६मध्ये, आणि तिथे राजे जमतात एवढंच लिहिलं आहे. महासंकटाच्या आधी मंडळी, म्हणजे विश्वासणारे लोक, गुपचूप स्वर्गात उचलली जाईल, ही शिकवण आजच्या स्वरूपात १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून घरोघर पोचली. पानाच्या वर वचन, खाली टीप. वाचता वाचता टीप वर कधी सरकली ते अनेकांना कळलंच नाही. लाल कालवड गणनेच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, पण ती शुद्धीकरणाच्या विधीत. २०२२मध्ये टेक्सासहून पाच कालवडी विमानाने इस्राएलात गेल्या हे खरं. त्यांचा शेवटच्या काळाशी संबंध जोडणारं वचन मात्र बायबलात नाही. या साऱ्या आपल्या लक्ष्मणरेषा आहेत.

मग समोरच्या बाजूकडे काहीच नाही का? पुष्कळ आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. प्रेषितांच्या मतांगिकारात आपण दर रविवारी म्हणतो की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे. हे वाक्य रूपक म्हणून म्हटलं, तर मंडळीच्या विश्वासाचा कणाच निघून जातो. शिवाय रूपक म्हणणं कुणाला परवडतं, हाही प्रश्न आहे. ज्यांचं घर सुरक्षित, नोकरी पक्की, त्यांना न्यायाचा दिवस नाही आला तरी चालतं. ज्यांच्या प्रार्थनागृहावर दगड येतात, ज्यांना गावच्या विहिरीपासून हाकललं गेलं, त्यांच्यासाठी ‘तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील’ हे आश्वासन आहे, अलंकार नाही. पुन्हा, जागे राहा अशी आज्ञा येशूने स्वतः दिली आणि चिन्हंही सांगितली. ओळखायचीच नसतील तर चिन्हं सांगितली कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला अडाणी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. तो त्या पुस्तकाला माझ्या अनेक शिकलेल्या मित्रांपेक्षा जास्त किंमत देतो.

पण त्याचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद वेगळा आहे. तो म्हणतो, मीखाने बेथलेहेम लिहिलं आणि ख्रिस्त बेथलेहेमातच जन्मला. पहिल्या आगमनाची भाकितं शब्दशः खरी ठरली, तर दुसऱ्याची का नाही? हा मुद्दा मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायावर उभा आहे, तर तो अध्याय सबंध वाचू. हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना विचारतो, ख्रिस्त कुठे जन्मणार? ते मीखाचं वचन अचूक सांगतात. गाव बरोबर, संदर्भ बरोबर. आणि त्यांच्यातला एकही जण दोन तासांच्या वाटेवरच्या त्या गावी गेल्याचं मत्तय सांगत नाही. जातात ते पूर्वेकडचे परके मागी, म्हणजे ज्ञानी लोक. भाकिताचा बिनचूक अर्थ ठाऊक असणं आणि देवाला ओळखणं यांच्यात केवढं अंतर असू शकतं, हे मत्तयाने सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. त्याच अध्यायात पुढे तो होशेयचं वचन देतो, ‘मिसरातून मी आपल्या पुत्राला बोलावलं’. होशेयचा अकरावा अध्याय काढून पाहा. तिथे ते भाकीतच नाही. इस्राएल लोक पूर्वी मिसर देशातून बाहेर आले, त्याची ती आठवण आहे. मत्तय त्या आठवणीची येशूत पूर्तता पाहतो. म्हणजे पहिल्या आगमनाची वचनंसुद्धा एकाच सरळ रीतीने पूर्ण झाली नाहीत. काही स्थळासकट, काही अशा खोल रीतीने, की ती घडून गेल्याशिवाय कुणाला दिसलीच नसती. ज्या शिष्यांनी तीन वर्षं सोबत काढली, त्यांनाही ती पुनरुत्थानानंतरच उमगली. मग दुसऱ्या आगमनाच्या बाबतीत आपल्याला ती आधीच वर्तमानपत्राशेजारी ठेवून वाचता येतील, ही खात्री कुठून आली?

चिन्हांचंही तसंच. युद्ध झालं, भूकंप झाला, रोगाची साथ आली की मत्तयाचा चोविसावा अध्याय निघतो. त्यातलं सहावं वचन म्हणतं की लढायांविषयी आणि लढायांच्या आवयांविषयी ऐकाल, घाबरू नका, हे होणारच, पण एवढ्यात शेवट नाही. आठवं वचन म्हणतं, ही वेदनांची सुरुवात आहे. म्हणजे ज्या घटनांवरून आपण शेवट आला असं म्हणतो, नेमक्या त्याच घटनांबद्दल येशू सांगतो आहे की यावरून शेवट आला असं समजू नका. शब्दाला चिकटून राहणाऱ्याने हे वचन अर्धं वाचावं, याचं मला खरोखर दुःख होतं. अंजिराच्या झाडाचं बघा. अंजीर म्हणजे इस्राएल, पालवी म्हणजे १९४८ची स्थापना, पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणून १९८८. या हिशोबावर एडगर व्हिझनंट नावाच्या अमेरिकी इंजिनियरने अठ्ठ्याऐंशी कारणांची पुस्तिका काढली आणि ती लाखोंनी वाटली गेली. तोच दाखला लूकच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तिथे येशू म्हणतो, अंजिराचं झाड आणि सगळी झाडं पाहा. सगळी झाडं. अंजीर एक राष्ट्र असेल, तर बाकीची झाडं कुठली राष्ट्रं? त्यांना पालवी कुठल्या साली फुटली? दाखला ऋतू ओळखण्याचा आहे, झाडाच्या जातीचा नाही, हे लूकच्या दोन शब्दांनी स्पष्ट होतं.

त्याच ठिकाणी ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ हे वचन येतं, आणि इथे मात्र सोपा मार्ग कुणाकडेच नाही. सरळ वाचलं तर ही पिढी म्हणजे समोर बसलेली पिढी. शिष्यांचा प्रश्न मंदिराबद्दल होता, आणि ते मंदिर इ. स. ७०मध्ये रोमी सेनापती तीतच्या सैन्याने जमीनदोस्त केलं, साधारण चाळीस वर्षांच्या आत. तेवढा भाग त्या पिढीने पाहिला. पण मनुष्याचा पुत्र मेघांवर आरूढ होऊन येताना दिसेल, हेही त्याच ओघात आहे. त्याचं काय? काही भाष्यकार म्हणतात, तेही दानीएलाच्या सातव्या अध्यायातल्या दृष्टान्तासारखं सिंहासनावर बसण्याचं वर्णन आहे. काही म्हणतात, दोन काळ एकात एक गुंफले आहेत. काही ‘पिढी’ म्हणजे वंश असं घेतात. मला दुसरं अधिक जवळचं वाटतं, पण गाठ सुटली असं मी म्हणणार नाही. १९४८वाल्यांनी गाठ सोडवलीच नाही. त्यांनी ‘ही’ची ‘ती’ केली आणि पुढे निघाले.

दिवस आणि घटका कुणालाही ठाऊक नाही, या वचनावर तर वेगळं थांबलं पाहिजे. मार्कच्या तेराव्या अध्यायात ‘देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला’ असं आहे. मत्तयाच्या अनेक हस्तलिखितांत मात्र ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द गळालेले दिसतात. अभ्यासकांचा कयास असा की नकलाकारांना तो शब्द जड गेला, पुत्राला ठाऊक नाही असं लिहिताना त्यांचा हात अडखळला. जुन्या, महत्त्वाच्या पोथ्यांनी तो जपला म्हणून आज बहुतेक चिकित्सक आवृत्त्यांत तो आहे. आता यावर तारीखवाल्यांचं उत्तर काय असतं? दिवस आणि घटका ठाऊक नाही, पण वर्ष आणि महिना काढायला मनाई नाही. हे उत्तर गमतीने दिलं जात नाही, गांभीर्याने दिलं जातं, म्हणून गांभीर्यानेच सांगतो: प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय, सातवं वचन. काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. शिष्यांनी तेव्हा तासाचा प्रश्न विचारलाच नव्हता. या काळात इस्राएलचं राज्य परत आणणार का, असा तो प्रश्न होता. आज जे विचारलं जातं, नेमकं तेच. आणि उत्तर मिळालं, ते तुमचं काम नाही, तुम्ही पृथ्वीच्या शेवटापर्यंत माझे साक्षी व्हा.

इतिहासाने हे उत्तर वारंवार खरं करून दाखवलं. इटलीतला मठाधिपती फिओरेचा योआकिम याच्या मागे लागलेल्यांनी प्रकटीकरणातल्या १२६० दिवसांवरून १२६० हे साल धरलं. लॉगॅरिदम शोधणाऱ्या जॉन नेपियरने १५९३मध्ये प्रकटीकरणाचं गणित मांडून शेवट १६८८ ते १७००च्या दरम्यान आणून ठेवला. त्याच्याहून चांगला गणिती त्या युरोपात शोधावा लागला असता. चूक बेरजेत नव्हती. जो मजकूर बेरजेसाठी लिहिलाच नाही, त्याची बेरीज केली गेली. विल्यम मिलर या अमेरिकी प्रचारकाने दानीएल ८:१४मधल्या २३०० संध्याकाळ-सकाळींची वर्षं केली, इ. स. पू. ४५७पासून मोजली, आणि त्याचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी आकाशाकडे डोळे लावून बसले. अमेरिकेतल्या रेडिओवरच्या हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, मग त्याच वर्षीची २१ ऑक्टोबर. आपल्याकडे हिंदू घरांतल्या जुन्या माणसांना फेब्रुवारी १९६२ची अष्टग्रही आठवत असेल. मकर राशीत आठ ग्रह आले आणि देशभर यज्ञ पेटले, लोक घराबाहेर पडेनात. भीती खरी होती. या सगळ्यांत फसवे थोडे आणि मनापासून विश्वास ठेवणारे फार, म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तारीख उलटल्यावर प्रचारकाला नवी तारीख सापडते. ज्याने पीक शेतात सोडलं, पोराची शाळा थांबवली, त्याच्या हाती काय राहतं? त्याचा हिशोब कोणती मंडळी मांडते?

करोनाच्या काळात हे अगदी जवळ आलं. लस म्हणजे श्वापदाची खूण, हा प्रचार जगभर झाला आणि आपल्याकडेही पोचला. त्याआधी बारकोड होता, मग आधार कार्ड झालं. या प्रचाराला टेकू प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाचा: उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण, तिच्यावाचून विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही, आणि संख्या ६६६. आता या संख्येचं बघा. इ. स. १८०च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनियस लिहितो की काही प्रतींत ६१६ असा पाठ आहे, पण जुन्या चांगल्या प्रतींत ६६६च. इजिप्तमधल्या ऑक्झिरिंकसच्या एका पपायरसात तो ६१६ आजही वाचता येतो. अक्षरांना आकडे देऊन नाव मोजायची ही पद्धत आपल्याला परकी नाही, कटपयादीत आपणही अक्षरांतून संख्या लपवल्या आहेत. ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत मांडलं तर ६६६ होतं, शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६. दोन्ही पाठ एकाच नावाकडे बोट दाखवतात, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते इरेनियसचं वागणं. तो योहानाला पाहिलेल्यांच्या परंपरेतला, पोलिकार्पचा शिष्य. त्याने दोन-तीन संभाव्य नावं लिहिली आणि मग थांबला. नाव आत्ताच सांगणं गरजेचं असतं, तर ज्याने दृष्टान्त पाहिला त्यानेच ते सांगितलं असतं, असं त्याने म्हटलं. आपण त्याच्यापेक्षा अठराशे वर्षं लांब आहोत, आणि आपली खात्री त्याच्यापेक्षा जास्त!

आणि तेरावा अध्याय संपताच काय येतं? अध्यायांची ही विभागणी प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाची नाही. ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे. ती रेघ पुसा आणि सलग वाचा. श्वापदाची खूण, तिची संख्या, आणि लगेच पुढच्या वाक्यात सियोन डोंगरावर कोकरा, म्हणजे ख्रिस्त, त्याच्याबरोबर १,४४,००० लोक, त्यांच्या कपाळांवर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव. पहिली खूण सुईने टोचायची असेल, तर दुसरी कशाने? देवाच्या लोकांच्या कपाळावर कुठलं यंत्र नाव लिहितं? दुसरी खूण आपण निष्ठेची म्हणून वाचतो, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा हातावर आणि कपाळावर बांधायला सांगितल्या त्याच अर्थाने. मग पहिलीही निष्ठेचीच आहे: आपण कोणाच्या नावाने व्यवहार करतो, बाजारात टिकण्यासाठी कोणापुढे वाकतो. हा अर्थ लशीच्या अर्थापेक्षा सौम्य वाटतो का? मला तर तो फार जड वाटतो. लस नाकारून माणूस मोकळा होतो. निष्ठेचा प्रश्न रोज दुकान उघडताना समोर येतो.

त्या १,४४,०००चाही हिशोब अनेकांनी केला. सातव्या अध्यायात योहान ही संख्या ऐकतो, बारा वंशांची, प्रत्येकी बारा हजार. मग तो पाहतो, आणि त्याला दिसतो कुणालाही मोजता न येणारा लोकसमुदाय, प्रत्येक राष्ट्रातला, प्रत्येक भाषेचा. पाचव्या अध्यायात हेच घडलं होतं. यहूदाचा सिंह जिंकला असं त्याने ऐकलं आणि वळून पाहिलं तर वधलेला कोकरा उभा होता. ऐकलेलं एक, पाहिलेलं दुसरं, आणि दुसरं पहिल्याचा अर्थ सांगतं. पुस्तक आपली किल्ली आपणच देतं: सात समया म्हणजे सात मंडळ्या, सात डोकी म्हणजे सात डोंगर. ती हाती असताना बाहेरून दुसरी किल्ली आणणं, याला शब्दाचा मान राखणं म्हणत नाहीत.

इथे दुसऱ्या बाजूचे माझे मित्र खूश होतील. त्यांनी थांबावं. रूपक आहे म्हणून सोडून द्या, ही पळवाट जुनी आहे आणि तिला मोठी नावंही जोडता येतात. १५२२च्या प्रस्तावनेत लूथरने या पुस्तकाशी आपलं मन जुळत नाही असं लिहिलं, कॅल्व्हिनने त्यावर भाष्यच केलं नाही. पण रूपक हे कशाचं तरी असतं. योहानाने सात पत्रं सात खऱ्या शहरांना लिहिली. लावदिकीया ‘मी धनवान आहे, मला काही कमी नाही’ म्हणते. इ. स. ६०च्या भूकंपानंतर हे शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं होतं, ही नोंद रोमी इतिहासकार टॅसिटसने केली आहे. ही भाषा तिथल्या माणसाला कुठे लागली असेल? सहाव्या अध्यायात काळ्या घोड्याबरोबर भाव ऐकू येतो: एका दिनाराला एका माणसाच्या दिवसाचे गहू. दिनार म्हणजे दिवसाची मजुरी. बापाची मजुरी बापाच्याच पोटाला, लेकरांनी काय खायचं? तेलाला आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नका. याला स्वप्नरंजन म्हणायचं असेल, तर महागाईच्या बातम्यांनाही म्हणावं लागेल. दानीएलाला सांगितलं होतं, पुस्तकावर शिक्का मार. योहानाला सांगितलं, शिक्का मारू नकोस. उघडं ठेवलेलं पुस्तक बंद करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

शेवटच्या अध्यायातली ताकीद दोन्ही बाजूंना आहे, भर घालू नका आणि काढूही नका. मराठी वाचकाला हिचं वजन लगेच कळावं. शके १५०६मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं की जो हिच्यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. नाथांना स्वतः हजारो ओव्या लिहिता येत होत्या. तरी ज्ञानोबांच्या पोथीत त्यांनी एक घातली नाही.

थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रातलं वचन हे भर घालण्याचं सर्वांत मोठं उदाहरण. प्रभूला सामोरं होण्यासाठी आपण मेघांत घेतले जाऊ, असं पौल लिहितो. त्यावरून जग सोडून पळून जाण्याची आख्खी शिकवण उभी राहिली. पण सामोरं जाणं म्हणजे काय? आपल्या लग्नांत सीमांतपूजनाला वधूकडचे लोक वेशीपर्यंत जातात. ते वराबरोबर त्याच्या गावी निघून जातात का? त्याला मानाने आत आणतात. पौलाचा शब्द तोच आहे, जो मत्तयाने दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरं जाण्यासाठी वापरला आणि लूकने रोमचे बंधू पौलाला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आले तिथे. ते बंधू पौलासह रोमलाच परतले. येणारा राजा इथे येतो आहे, हे एकदा मनात बसलं की ‘इथलं’ काहीच बिनमहत्त्वाचं राहत नाही.

त्या ‘इथल्या’त गाझा येतं. गोग म्हणजे कोण, याची उत्तरं युगागणिक बदलली: चौथ्या शतकात अँब्रोजला गॉथ दिसले, लूथरला तुर्क, शीतयुद्धात रशिया. यहेज्केल धनुष्य, बाण आणि ढाली जाळण्याबद्दल लिहितो, त्यांची क्षेपणास्त्रं करणारा माणूस शब्दशः वाचतो असं कसं म्हणावं? पण यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की या नकाशावर जिवंत माणसं सोंगट्या होतात. १९ ऑक्टोबर २०२३ला गाझातल्या सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारावर हवाई हल्ला झाला. तिथे आसऱ्याला आलेले ख्रिस्ती लोक मेले. तेही हेच पुस्तक वाचत होते. त्याच सुमारास आपल्याकडे युद्ध भाकिताप्रमाणे चाललं आहे म्हणून समाधान व्यक्त होत होतं. यहूदी असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, मेलेल्या लेकराकडे चिन्ह म्हणून पाहायला कुठल्या वचनाने शिकवलं?

प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेल नगरी पडते आणि व्यापारी रडतात. त्यांच्या मालाची यादी योहान सावकाश देतो: सोनं, रुपं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, गहू, घोडे, आणि सर्वांत शेवटी माणसांचे जीव. यातला काही माल कुठून जात होता? बडोद्याहून रेल्वेने तासाभरावरचं भरुच पहिल्या शतकात बॅरिगाझा म्हणून ओळखलं जाई. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात इथून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत आणि कापड आहे, आणि राजासाठी आत येणाऱ्या मालात गाणारी मुलं आणि देखण्या मुली आहेत. म्हणजे योहानाच्या यादीचं एक टोक आपल्या किनाऱ्याला होतं. अंतकाळावरच्या प्रवचनांत हा अध्याय क्वचितच निघतो, कारण त्यातून तारीख निघत नाही. निघते ती आज्ञा, चौथ्या वचनात: माझ्या लोकांनो, तिच्यातून बाहेर या. कोणाच्या स्वस्त श्रमावर आपली दुकानं चालतात, घरकामाला आलेल्या पोरीला आपण काय देतो, मंडळीचा पैसा कुठून येतो, हे प्रश्न या वचनाखाली नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी विचारता येतील. पाळकसाहेबांनी यंदा तेरा, चौदा आणि अठरा हे अध्याय टिपांशिवाय, एका बैठकीत, मोठ्याने वाचून घ्यावेत. पुस्तकाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकून ते पाळणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे. मोजणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही.